वाफसा नसताना उसात शिरलेले रणगाडे



गेल्या वर्षी गळीत हंगाम संपल्यावर शेतकी विभागाने सभासदांची अभ्यास-सहल राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात नेली होती. खोडव्याचे प्लॉट पाहून झाले, शास्त्रज्ञांशी बोलणे झाले आणि परतीच्या वाटेवर दोन-अडीच तास हाताशी उरले. बसमधल्या तरुण मंडळींनी गलका केला, ‘साहेब, नगरचं टँक म्युझियम बघूनच जायचं.’ (२०२४ साली नगरचे नाव अहिल्यानगर झाले, आमच्या तोंडी अजून नगरच बसले आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) खरे सांगायचे तर आम्हाला ते फारसे रुचले नव्हते. ऊस विकासाच्या सहलीत रणगाडे कशाला, असे मनात आले. परंतु तेथून बाहेर पडताना जो विचार घेऊन आम्ही निघालो तो थेट आपल्या उसाच्या फडात येऊन थांबला. म्हणून हा लेख.

संग्रहालय कसे आहे

नगर हे आपल्या सैन्याच्या रणगाडा दलाचे माहेरघर. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल ही प्रशिक्षण संस्था येथेच आहे. देशातला कोणताही रणगाडा चालवणारा जवान एकदा तरी नगरचे पाणी प्यायलेला असतो, असे म्हटले तरी चालेल. या संस्थेने फेब्रुवारी १९९४ मध्ये कॅव्हलरी टँक म्युझियम उभे केले. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सोलापूर रस्त्याच्या बाजूला, लष्करी हद्दीत, झाडांच्या सावलीत पन्नासच्या आसपास जुन्या लढाऊ गाड्या ओळीने उभ्या आहेत. प्रत्येकीपुढे फलक आहे. बघणाऱ्याला अगदी जवळ जाऊन पाहता येते.

सगळ्यांत जुनी गाडी रोल्स-रॉईस कंपनीची ‘सिल्व्हर घोस्ट’ चिलखती मोटार. राजेमहाराजांच्या मोटारीला पोलादी कवच चढवून वर मशीनगन बसवली की ही तयार. घोडदळाचे घोडे जाऊन यंत्रे आली तो काळ या गाडीत दिसतो. हिंदुस्थानात १९३८ साली सिंध हॉर्स या घोडदळाच्या रेजिमेंटने घोडे सोडून चिलखती गाड्या घेतल्या. नावात ‘हॉर्स’ मात्र आजही आहे.

पुढे दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल. जपान्यांचे बुटके, हलके रणगाडे. आणि कातरीसारखा दुमडलेला पूल पाठीवर घेतलेला एक व्हॅलेंटाइन. ओढा किंवा पाट आडवा आला की हा पूल उलगडून पलीकडे टाकायचा आणि मागच्या गाड्या त्यावरून न्यायच्या. आमच्यातले एक सभासद म्हणाले, ‘हा आपल्याकडं पाहिजे होता. चारीवरची फरशी वाहून गेल्यापासून आमचा ऊस दोन वर्षं डोक्यावर वाहतोय.’ सगळे हसले. पण बोलणे खरे होते आणि ते आम्ही वहीत टिपून घेतले आहे.

नंतर येतो तो सेंच्युरियन. ५० टनांचा हा ब्रिटिश रणगाडा १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत आपल्या बाजूने लढला. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल सेंच्युरियनमध्येच लढत होते. रणगाड्याला आग लागली तेव्हा बाहेर पडण्याचा हुकूम झाला होता. तोफ अजून चालते आहे असे कळवून ते आत राहिले आणि लढता लढता गेले. वय २१, जन्म पुण्याचा. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ‘फामागुस्ता’ नावाचा त्यांचा तो रणगाडा नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरने जपून ठेवला आहे.

त्यानंतर आपला स्वतःचा विजयंता. मद्रासजवळच्या आवडी येथील कारखान्यातून १९६५ सालापासून तो बाहेर पडू लागला. मूळ आराखडा ब्रिटिश व्हिकर्स कंपनीचा, पण देशात बनलेला हा पहिला रणगाडा. आता तोही निवृत्त आहे.

आमच्या सहलीत रणगाडा दलातून निवृत्त झालेले एक सभासद होते. सतरा वर्षे त्यांनी रणगाडा चालवला, आता तीन एकर ऊस करतात. एरवी बैठकीत न बोलणारा माणूस, पण तिथे त्यांनी आम्हाला सगळे समजावून सांगितले: ड्रायव्हर कुठे बसतो, गोळा कोण भरतो, आत उन्हाळ्यात काय होते. विजयंताच्या चाकपट्ट्यावर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. आम्ही त्यांना घाई केली नाही.

पट्टा शेतातून आला

रणगाड्याचे मर्म तोफेत आहे असे आपल्याला वाटते. आमच्या मते ते पट्ट्यात आहे. आणि हा पट्टा मूळचा शेतकऱ्याचा.

अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात स्टॉकटन गावाजवळ नदीच्या मुखाकडची मऊ, दलदलीची, पण कसदार जमीन आहे. तेथे वाफेवर चालणारे अवजड ट्रॅक्टर रुतून बसत. चाके रुंद केली, आणखी रुंद केली, तरी भागेना. शेवटी बेंजामिन होल्ट या अवजारे बनवणाऱ्या कारखानदाराने १९०४ साली चाके काढून त्यांच्या जागी लाकडी फळ्यांचा साखळीपट्टा बसवला. ट्रॅक्टर आपला रस्ता आपणच अंथरत पुढे जाऊ लागला. तो रुतेना.

दहा वर्षांनी पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिश सैन्य तोफा ओढायला होल्टचे ट्रॅक्टर वापरू लागले. चिखलातून, खड्ड्यांतून जाणारे हे यंत्र पाहून त्याला चिलखत आणि तोफा बसवण्याची कल्पना पुढे आली. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर पहिले रणगाडे उतरले. गुप्तता राखण्यासाठी कारखान्यात ‘ही पाण्याची टाकी बनते आहे’ असे सांगत असत. म्हणून इंग्रजीत नाव पडले ते ‘टँक’.

म्हणजे मऊ जमिनीत रुतू नये म्हणून शेतकऱ्यासाठी निघालेली युक्ती रणांगणावर गेली. ती पुन्हा शेतात येऊन कशी रुतली ते पुढे वाचावे.

खेमकरणचा ऊस

संग्रहालयात ज्याच्यापुढे सर्वांत जास्त फोटो निघतात तो पॅटन रणगाडा. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला. अमेरिकेने पाकिस्तानला दिलेले हे पॅटन त्या वेळी जगातल्या उत्तम रणगाड्यांत गणले जात. आपल्याकडे सेंच्युरियन होते, तसेच दुसऱ्या महायुद्धातले जुने शेरमन आणि फ्रेंच बनावटीचे हलके रणगाडेही होते. कागदावर पारडे त्यांचेच जड.

सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणच्या बाजूने पाकिस्तानचे चिलखती दळ आत घुसले. आपल्या चौथ्या माउंटन डिव्हिजनने मागे सरकून असल उत्तर गावाजवळ घोड्याच्या नालासारखी मांडणी केली. म्हणजे समोरून आणि दोन्ही बाजूंनी आपण, मधल्या पोकळीत शत्रूने यायचे. आता ऊस उत्पादकाने ध्यानात घ्यावे की महिना सप्टेंबरचा होता. शेतात ऊस उभा, माणसाच्या डोक्यावरून गेलेला. त्या उसात आपले रणगाडे आणि तोफा दडून बसल्या. आणि पाटाचे पाणी शेतांत सोडून देण्यात आले.

८ ते १० सप्टेंबर अशी ही लढाई चालली. पॅटन उसाच्या भिजल्या रानात शिरले आणि रुतले. पट्टे फिरतात, गाडी जागची हलत नाही. वळावे तर आणखी खाली जाते. उसामुळे समोरचे दिसत नाही. आणि लपलेल्या तोफा अगदी जवळून नेम धरतात. याच लढाईत १० सप्टेंबरला ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने पॅटन टिपले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूर गावच्या एका शिंप्याचा हा मुलगा. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.

भारतीय नोंदीप्रमाणे पाकिस्तानने या लढाईत ९७ रणगाडे गमावले. काही जळाले, काही जसेच्या तसे हाती लागले. ते एकत्र आणून उभे केले त्या जागेला लोक ‘पॅटन नगर’ म्हणू लागले. पुढे विजयाची खूण म्हणून देशभरातल्या छावण्यांत आणि शहरांत हे पॅटन उभे राहिले. नगरचा त्यातलाच एक.

लढाई जिंकली ती जवानांनी आणि त्यांच्या अधिकाऱ्यांनी, यात शंका नाही. पण उसाने आणि पाण्याने त्यांना साथ दिली हेही तितकेच खरे.

एका चौरस सेंटीमीटरचा हिशेब

पॅटनपुढे उभे असताना आमच्यातल्या एका तरुण सभासदाने प्रश्न विचारला. ‘साहेब, पट्टा तर न रुतण्यासाठीच असतो ना? मग हा रुतला कसा?’ प्रश्न मार्मिक होता. आम्ही तिथेच वही काढून हिशेब मांडला.

पॅटनच्या एम-४७ या जातीचे वजन सुमारे ४६ टन, म्हणजे ४६,००० किलो. पट्ट्याची रुंदी ५८ सेंटीमीटर. जमिनीवर टेकलेली लांबी जवळजवळ ४ मीटर. असे दोन पट्टे. ५८ गुणिले ४०० गुणिले २ म्हणजे ४६,४०० चौरस सेंटीमीटर. वजनाला या जागेने भागले तर एका चौरस सेंटीमीटरवर जेमतेम १ किलो दाब येतो. एवढे ४६ टनांचे धूड, पण पट्ट्यामुळे भार पसरला.

आता आपली उसाची ट्रॉली घ्या. टायरबाबत ढोबळ नियम असा की टायरमध्ये जितकी हवा, जवळजवळ तितकाच दाब तो जमिनीवर देतो. आपण हवा पौंडात मोजतो. १४ पौंड म्हणजे साधारण १ किलो दर चौरस सेंटीमीटरला. भरलेल्या ट्रॉलीच्या टायरात ७० पौंड हवा असेल तर दाब झाला ५ किलो. मऊ मातीत टायर थोडा खाली बसतो, टेकणारी जागा वाढते, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत नाही. पण तात्पर्य बदलत नाही. उसाने भरलेली ट्रॉली जमिनीच्या एकेका बोटाएवढ्या जागेवर रणगाड्यापेक्षा कितीतरी जास्त दाब देते.

हे ऐकून मंडळी गप्प झाली. मग त्या तरुणाचा प्रश्न उरलाच, की १ किलो दाब असून पॅटन रुतला कसा? उत्तर एकच. जमिनीत वाफसा नव्हता. वाफशावर असलेली माती कणाला कण धरून भार पेलते. पाण्याने तुडुंब झालेल्या मातीत कणांची एकमेकांवरची पकड सुटते. कण घसरतात, माती लोण्यासारखी होते. मग पट्टा रुंद असो की चाक मोठे असो, धरायला खाली काही उरत नाही. गाडीचे पोट एकदा मातीला टेकले की पट्टे नुसते फिरत राहतात.

आमचे माजी सैनिक सभासद तेव्हा म्हणाले, ‘साहेब, आम्ही शंकेची जमीन आली की खाली उतरायचो. पायानं चालून बघायचं, टाच दाबून बघायची. मग गाडी घालायची. पन्नास टनांची गाडी असली तरी आधी माणसाचा पाय.’

आमच्याच हातची एक चूक

आता जे सांगायचे ते सांगताना संकोच वाटतो, परंतु सांगितले पाहिजे.

काही हंगामांपूर्वी डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला. एका सभासदाच्या भारी काळ्या रानात तोडणी चालू होती. गव्हाणीला ऊस कमी पडत होता. टोळी थांबली तर दुसरीकडे जाईल ही भीती. सभासद म्हणत होते, ‘दोन-चार दिवस थांबा, रान ओलं आहे.’ आम्ही म्हणालो, ‘तुटलेला ऊस वाळेल, वजन घटेल, ट्रॉली आत घाला.’ शब्द आमचा होता. ट्रॉली आत गेली आणि आसापर्यंत रुतली. दोन ट्रॅक्टर आणि एक जेसीबी लावून संध्याकाळी बाहेर काढली. ऊस कारखान्यात पोचला, गव्हाण चालली, आम्ही ती गोष्ट विसरलो.

सभासद विसरले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी आम्हाला रानात नेऊन दाखवले. बाकीचा खोडवा कमरेला लागला होता आणि ट्रॉली गेली त्या वाटेवर, चाकोरीच्या दोन्ही बाजूंनी, ऊस गुडघ्याएवढा, पिवळा, विरळ. कुदळ मारली तर वीतभर खाली ठणठण वाजे. पावसाळ्यात तिथेच पाणी साचून राहिले होते. ‘एवढा पट्टा मेला,’ एवढेच ते म्हणाले. रागावले असते तर बरे वाटले असते.

ओल्या काळ्या मातीवर जड चाक फिरले की तिच्यातल्या हवेच्या आणि पाण्याच्या वाटा मिटतात. वरचा थर नांगराने मोकळा होतो, पण नांगराच्या तळाखाली जो घट्ट थर बसतो तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. मुळे त्याला थडकून आडवी पसरतात. पाणी खाली मुरत नाही, निचरा बंद होतो. पाणी साचते, मुळे कुजतात आणि हळूहळू जमीन चोपण होण्याच्या वाटेला लागते. वरच्या थराचे नुकसान टायरच्या दाबाने होते, तर खोलवरचे नुकसान एका आसावर एकूण किती टन भार आहे त्याने होते. म्हणून नुसते रुंद टायर घालूनही पूर्ण सुटका नाही.

पॅटन रुतला तो उचलून संग्रहालयात ठेवता आला. आपले घट्ट झालेले रान कुठे नेऊन ठेवणार?

सभासदांनी काय करावे

१) तोडणीपूर्वी किमान १५ ते २० दिवस पाणी तोडावे. भारी जमिनीत याहून थोडे आधी. यात वजन घटण्याची धास्ती घेऊ नये. साखर उतारा सुधारतो आणि रान वाहन पेलण्याजोगे होते.

२) वाहन आत घालण्यापूर्वी वाफसा पाहावा. वीतभर खोलीवरची मूठभर माती घेऊन गोळा करावा आणि छातीच्या उंचीवरून टाकावा. फुटला तर वाफसा आहे. चपटा होऊन चिकटून बसला, किंवा तळहातावर त्याची वळी वळता आली, तर ट्रॉली बांधावरच थांबवावी. ऊस मोळ्यांनी बाहेर काढावा. मजुरीचा जादा खर्च एका वर्षाचा असतो, रान दाबले गेले तर तोटा अनेक वर्षांचा.

३) वाहन आत न्यावेच लागले तर येण्याजाण्याची वाट एकच ठेवावी. जमिनीचे बहुतांश दाबले जाणे पहिल्याच फेरीत होते. त्यामुळे दहा ट्रॉल्या दहा वाटांनी नेण्यापेक्षा एकाच वाटेने न्याव्यात. रान खराब व्हायचे तर तेवढीच पट्टी होईल.

४) ट्रॉली खोडव्याच्या बुडख्यांवरून नेऊ नये. सरीतून न्यावी. ट्रॉली दाबून, शिगोशीग भरण्याचा मोह आवरावा.

५) तोडणीनंतर पाचट न जाळता सरीत पसरावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत, आणि वाफशावर बगला फोडाव्यात.

६) खोडवा मोडल्यावर नवीन लागणीआधी एप्रिल-मे महिन्यात, रान पूर्ण वाळलेले असताना, सबसॉयलर दीड ते दोन फूट खोल उभा-आडवा चालवावा. ओल्या रानात तो चालवून उपयोग नाही. नुसती चीर पडते, थर फुटत नाही. ज्यांच्या रानात पाणी साचते त्यांनी निचऱ्याचे चर आधी काढावेत.

आमच्या बाजूने आम्ही एवढे कबूल करतो. ‘रान ओले आहे’ असे सभासदाने सांगितल्यावर शेतकी विभागाचा माणूस आधी रानात जाईल, टाच दाबून पाहील, मगच ट्रॉलीबद्दल बोलेल. आमच्या गट कार्यालयातल्या सर्व चिटबॉयांना आणि स्लिपा देणाऱ्यांना ही सूचना दिलेली आहे. कोणी ऐकले नाही तर थेट आमच्याकडे यावे.

सवड काढून नगरचे हे संग्रहालय अवश्य पाहावे. लष्करी हद्द असल्याने ओळखपत्र जवळ ठेवावे आणि तिथल्या जवानांच्या सूचना पाळाव्यात. मुलांना नक्की न्यावे. त्यांना तोफा दाखवा, खेतरपालांची आणि अब्दुल हमीदांची हकीकत सांगा. आणि मग पॅटनपाशी थांबून त्याचा पट्टा दाखवा आणि सांगा की हा एवढा रुंद पट्टा असलेली गाडी उसाच्या ओल्या रानात शिरली आणि परत गेली नाही. आपली तर चाके आहेत.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग